नगरचें ऊन आणि नगरचीं घरें

मराठी माणूस उन्हाविषयीं दोन तऱ्हांनीं बोलतो. पौषांतल्या सकाळीं तो ओट्यावर बसून ऊन खातो, आणि वैशाखांतल्या दुपारीं त्याला ऊन लागतें. खाण्याचें ऊन व लागण्याचें ऊन हीं एकाच सूर्याचीं. भेद काय तो ऋतूचा, वेळेचा आणि जागेचा. घर बांधणाराचें पुष्कळसें कौशल्य या दोहोंतील निवड करण्यांत असतें. हल्लीं शहरांतील अनेक कुटुंबांना आपल्या घरास एखादी कांचेची, उजेडाची खोली जोडावी, निदान सज्जा तरी कांचेनें बंद करून घ्यावा, असें वाटूं लागलें आहे. ही इच्छा मुळांत वाईट नाहीं. परंतु अहमदनगरसारख्या कोरड्या व तापणाऱ्या मुलखांत ती पुरी करण्यापूर्वीं, तेथील जुन्या घरांनीं हाच प्रश्न कोठवर सोडविला होता आणि कोठें सोडविला नव्हता, हें पाहणें अगत्याचें आहे. या शहरास व जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव मिळालें. ऊन मात्र पूर्वींचेंच आहे.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत वसलें आहे. घाटमाथ्यावर ढग रिते होतात आणि नगरपर्यंत येतां येतां वर्षाचा पाऊस सरासरीनें साडेपांचशें ते सहाशें मिलिमीटरांवर उतरतो. त्यामुळें एकाच जिल्ह्यांत छपरांच्या दोन जाती झाल्या. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत, घाटघरकडे, जेथें पावसाची झड दिवसेंदिवस थांबत नाहीं, तेथें छपरें उतरतीं. पूर्वेस पाथर्डी, जामखेडच्या बाजूला मातीचीं सपाट धाबीं.

धाब्याचें घर दिसावयास साधें, पण त्यांत विचार होता. भिंती मातीच्या व चांगल्या जाड. तुळयांवर लांकडें व फाट्या पसरून त्यांवर पांढऱ्या मातीचा थर चोपलेला. उन्हाळ्यांत दुपारीं बाहेर अंगाची लाही होत असतां आंत गारवा असे. अशी भिंत उष्णता अडवीत नाहीं, ती तिला उशीर करते. सकाळपासून तापलेल्या भिंतीची धग आंत पोंचावयास संध्याकाळ उजाडे, आणि तोंवर घरचीं माणसें अंथरुणें घेऊन माळवदावर गेलेलीं असत. कोरड्या हवेंत रात्र झपाट्यानें निवते. हा मुलखाचा गुण त्या माणसांना पुरता ठाऊक होता. तेंच माळवद दिवसा घराची उन्हाची खोली होई. कुरडया, पापड, मिरच्या यांचें वाळवण तेथें, आणि थंडीच्या दिवसांत न्हाऊमाखू घातलेलें तान्हें मूल कोवळ्या उन्हांत घेऊन बसणारी आजीही तेथेंच.

परंतु या घरांत एक मोठें उणें होतें. धग, धूळ आणि चोर या तिघांच्या भयानें भिंतींना खिडक्या थोड्या व लहान ठेवीत. उजेड यावयाचा तो दारांतून, किंवा छपरास ठेवलेल्या भोंकांतून. ओटा व ओसरी यांवर उजेड भरपूर, पण तेथें बैठक पुरुषांची. जसजसें आंत जावें तसतसा काळोख दाट होत जाई, आणि त्या काळोखांतील माजघर व स्वयंपाकघर हें बायकांचें राज्य. बाळंतिणीची खोली तर बहुधा घरांतील सर्वांत अंधारी. वारा लागूं नये म्हणून दारेंखिडक्या बंद, आंत शेगडीचा धूर, आणि ज्या दोन जिवांना सूर्याची खरी गरज तींच सूर्यापासून दूर. मुडदूस व हाडांचा ठिसूळपणा यांचें मूळ बऱ्याच अंशीं या काळोखांत होतें, हें कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें. १९१९ सालीं बर्लिन येथें हुल्डशिन्स्की या वैद्यानें अतिनील किरणांच्या दिव्यानें मुडदूस झालेलीं मुलें बरीं करून दाखविलीं. तेव्हां घरांत ऊन यावें ही मागणी केवळ हौसेची नव्हे. प्रश्न एवढाच कीं तें कोणत्या वाटेनें यावें.

श्रीमंतांनीं या प्रश्नाचें उत्तर फार पूर्वीं शोधावयास आरंभ केला होता. इ. स. १४९० मध्यें मलिक अहमदानें निजामशाहीची स्थापना केली आणि पुढें लौकरच सीना नदीच्या परिसरांत हें शहर उभें राहिलें. या राजांनीं दूरच्या झऱ्यांचें व विहिरींचें पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं आणलें आणि त्या पाण्यावर बागा उठविल्या. त्यांतील फराहबाग १५८३ च्या सुमारास, मुर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दींत, पुरा झाला. आज त्याचे अवशेष शहराच्या आग्नेयेस उभे आहेत. अष्टकोनी दुमजली इमारत, मध्यें घुमटाचें उंच दालन, बाहेरच्या बाजूंना खोल कमानी, आणि सभोंवार तलाव. कमानी नुसत्या शोभेच्या नव्हत्या. सूर्य कमानीच्या पोटांत अडे, आणि दालनांत शिरे तो उजेडच. पाण्यावरून येणारा कोरडा वारा निवून आंत येई. शहराच्या उत्तरेस असलेल्या हश्तबिहिश्त बागेंतही जलमहालाची हीच कल्पना दिसते. मुंबईच्या दमट हवेंत हा उपाय फारसा चालला नसता, कारण ओलसर हवा आणखी पाणी शोषीत नाहीं. नगरच्या कोरड्या हवेंत तो चालला. अर्थात् तो राजाचा उपाय होता. ज्या मुलखांत पिण्याच्या पाण्यासाठीं मैल मैल चालावें लागे, तेथें घराभोंवतीं तलाव कोण ठेवणार?

मध्यमस्थितींतल्या सरदार-सावकारांनीं काढलेली तोड अधिक व्यवहारी होती. ती म्हणजे वाड्याचा चौक. श्रीगोंदें, संगमनेर यांसारख्या गांवीं अशा वाड्यांच्या खुणा अजून दिसतात. बाहेरच्या भिंती आंधळ्या, पण पोटांत मोकळें आकाश; चौकाच्या चारी बाजूंस पडव्या, आणि खोल्यांचीं दारें पडव्यांत उघडणारीं. रात्रीं थंड हवा चौकांत उतरून बसे व सकाळीं उशिरापर्यंत तेथेंच राही. ऊन चौकांत फिरे आणि माणसें त्याच्या मागें किंवा पुढें बसण्याची जागा बदलीत. मुख्य गोष्ट अशी, कीं ज्या बायकांना ओट्यावर बसण्याची सोय नव्हती त्यांना येथें तुळशीपाशीं आपल्या वांट्याचें आकाश मिळालें. चौक हीच महाराष्ट्रांतील खरी उन्हाची खोली. तिला फक्त छप्पर नव्हतें.

१८०३ च्या ऑगस्टमध्यें वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला. पुढें भिंगारच्या छावणींत बंगले उठले. गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या थंड देशांतील खिडक्यांची आठवण होत असली, तरी त्यांनीं येथें कांचेच्या खोल्यांऐवजीं रुंद व्हरांडे बांधले आणि उन्हाळ्यांत दारांना वाळ्याचे ओले पडदे लावले. उन्हानें त्यांना नगरी ओसरीच शिकविली. याच किल्ल्यांत १९४२ ते १९४५ या काळांत राष्ट्रसभेचे पुढारी स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनीं तेथें दगडगोट्यांनीं भरलेली जमीन खणून फुलझाडें लावलीं, आणि आपल्या ग्रंथाचा आरंभही तेथल्याच दिवसांच्या वर्णनानें केला. तटाआड कोंडलेल्या माणसासही पहिली ओढ मोकळ्या जागेची व उन्हाची असते, हें त्यावरून ध्यानांत येतें.

मग कांचेची खोली आली कोठून? ती थंड देशांतून आली. इंग्लंडांत खिडक्यांवर १६९६ पासून कर होता; गरिबांनीं तो चुकविण्यासाठीं खिडक्या बुजविल्या. १८४५ सालीं कांचेवरील जकात उठली, १८५१ सालीं खिडक्यांवरचा कर गेला, आणि त्याच वर्षीं लंडनांत पॅक्स्टननें लोखंड व कांच यांचा प्रचंड महाल उभारला. त्यानंतर कांचगृहें हें श्रीमंत घरांचें भूषण झालें. १९०३ सालीं फिन्सेन यास प्रकाशोपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं रोलिए यानें स्वित्झर्लंडांतील लेझां येथें क्षयरोग्यांसाठीं सूर्यस्नानाचें रुग्णालय चालू केलें. ऊन म्हणजे आरोग्य, ही समजूत तेथून जगभर पसरली. पण रोलिएचे रोगी उघड्या सज्ज्यांत झोपत असत, कांचेआड नव्हे, हें सांगावयाचें मात्र बहुतेकांकडून राहून गेलें.

येथेंच सारी मेख आहे. सूर्याचा उजेड कांचेंतून सहज आंत येतो, परंतु तापलेली जमीन व भिंती जी उष्णता परत टाकतात तिला कांच बाहेर जाऊं देत नाहीं. थंड देशांत हा लाभ. नगरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळीस अंशांच्या आसपास असतां, ती भट्टी. दुसरें असें, कीं ज्या किरणांमुळें त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें ते किरण साध्या कांचेंत अडतात. म्हणजे कांचेच्या खोलींत बसणाऱ्या बाळंतिणीला धग सगळी मिळते आणि गुण जवळजवळ कांहींच मिळत नाहीं. माजघरांतील काळोखावर शोधलेला हा उपाय तिच्या दृष्टीनें उपायच नव्हे.

खरा उपाय आकाशांतील सूर्याच्या वाटेंत आहे. नगर सुमारें एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्याला मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारें सत्तेचाळीस अंशांवरच राहतो. समजा, घराच्या दक्षिण अंगास एक उघडी ओसरी आहे व तिच्यावर आठ फूट उंचीवर तीन फूट पुढें आलेला पाखा आहे. डिसेंबरांतल्या मध्यान्हीं ऊन त्या पाख्याखालून शिरून चार फुटांहून अधिक आंत पोंचेल. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मात्र मध्यान्हीं तें उंबरठ्यालाही शिवणार नाहीं. यंत्र नाहीं, पडदा नाहीं. ऋतु आपण होऊनच दार उघडतो आणि लावतो. अडीच हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीसमध्यें सॉक्रेटिसानें दक्षिणाभिमुख घराचा हाच गुण वर्णिल्याचें झेनोफननें लिहून ठेविलें आहे. पश्चिमेचें ऊन मात्र या युक्तीस दाद देत नाहीं. तें तिरपें येतें, म्हणून पाखा त्यास अडवूं शकत नाहीं. त्या बाजूस जाड भिंत असावी, आणि जागा असल्यास एखादा कडुनिंब.

तेव्हां नगरकडील गृहस्थानें घरास उन्हाची खोली जोडावी, अवश्य जोडावी. पण ती दक्षिणेस असावी; वर छप्पर कांचेचें नसून कौलांचें किंवा भक्कम सावलीचें असावें; समोरची बाजू उघडी, किंवा पुरी उघडतां येणाऱ्या झडपांची असावी. थंडीच्या सकाळीं तींत घरांतील म्हाताऱ्यांनीं बसावें, लेंकुरवाळीनें मुलास घेऊन बसावें. पूर्वीं ओट्यावरचें ऊन एकाच्या वांट्यास येई आणि माजघरांतला काळोख दुसरीच्या. नव्या खोलीनें तेवढी वांटणी बदलली, तरी तिच्यावरचा खर्च वसूल झाला म्हणावयाचा. वैशाख आला कीं तीच खोली सावलींत जाईल, आणि घरचीं माणसें अंथरुणें घेऊन पूर्वींसारखींच गच्चीवर जातील.