चौकीदार ते मोबाईल टॉवर : पाळतीच्या कायद्याचा एक मागोवा

दरोड्याच्या आरोपावरून १९४१ साली पकडलेल्या खरकसिंगविरुद्ध पुरावा मिळाला नाही, म्हणून त्यास सोडून देण्यात आले. तरीही उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याचे नाव 'हिस्ट्रीशीट'मध्ये चढविले. चौकीदार व शिपाई रात्री-अपरात्री दार ठोठावतात, परगावी जायचे तर आधी कळवावे लागते, अशी त्याची तक्रार होती. पोलीस नियमावलीच्या कलम २३६ मध्ये घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या भेटी आणि येण्याजाण्याची नोंद या सर्वांस मुभा होती.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९६२ रोजी यांपैकी फक्त रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. हालचालींवर नजर ठेवण्यास बहुमताने हरकत घेतली नाही, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत नमूद नाही. न्या. सुब्बाराव व न्या. शहा यांचे मत निराळे पडले. आपल्या मागे सतत कोणी आहे हे ठाऊक असलेला माणूस मोकळेपणी वावरू शकत नाही, असा न्या. सुब्बाराव यांच्या मताचा रोख होता. मध्य प्रदेशातील गोविंद खटल्यात (१९७५) न्यायालयाने हा हक्क मर्यादित अर्थाने मानला, पण पाळतीचे नियम कायमच राहिले. खरकसिंग निकालातील खासगीपणाविषयीचे मत अखेर रद्द झाले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या एकमताने.

मधल्या काळात चौकीदाराची गरजच संपली होती. मोबाईल चालू असला की तो जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवतो. कोणत्या टॉवरवरून बोलणे झाले याची नोंद कंपनी मुळात आकारणी व जाळ्याच्या देखभालीसाठी ठेवते. शहरात टॉवर दाट असल्याने जागा बरीच नेमकी कळते, खेड्यात तितकी नाही. खरकसिंगवर पाळत ठेवायला निदान त्याच्यावर संशय घ्यावा लागला होता. टॉवर संशय घेत बसत नाही, सर्वांचीच नोंद करतो आणि तीही मागाहून वाचता येते.

हाच मुद्दा अमेरिकेच्या 'कार्पेंटर' खटल्यात निर्णायक ठरला. डेट्रॉइट परिसरातील दुकानांच्या लुटीच्या तपासात पोलिसांनी एका संशयिताच्या १२७ दिवसांच्या नोंदी मिळविल्या. त्यांत त्याच्या ठिकाणाचे १२,८९८ बिंदू होते, म्हणजे दिवसाला सरासरी १०१. ग्राहकाने स्वतःहून कंपनीला दिलेल्या माहितीवर त्याचा खासगीपणाचा दावा राहत नाही, हे १९७९ पासूनचे तत्त्व सरकारने पुढे केले. २२ जून २०१८ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते येथे लागू करण्यास नकार दिला. अशा नोंदींसाठी सामान्यतः न्यायालयाचे वॉरंट हवे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. मोबाईल न बाळगता आजचे जीवन चालवता येत नाही, तेव्हा माहिती 'स्वतःहून' दिली म्हणणे ओढूनताणून आहे, हे त्यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे.

भारतात प्रश्न जामिनाच्या अटीतून आला. अमली पदार्थांच्या प्रकरणात २०१४ पासून कैदेत असलेल्या एका नायजेरियन आरोपीस २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. अट अशी की गूगल मॅपवर 'पिन' टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास दिसत ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने गूगलकडेच विचारणा केली, तेव्हा अशा पिनने प्रत्यक्ष माग काढता येत नाही असे कळले. म्हणजे अट निरुपयोगीच होती! परंतु न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयां तेथे थांबले नाहीत. जामिनावरील आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवू देणारी अट कलम २१ चा भंग करते, असे त्यांनी ८ जुलै २०२४ रोजी ठरविले.

हा निर्णय जामिनाच्या अटीपुरता आहे. टॉवरच्या नोंदींचे काय? परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान एक वर्ष जपायच्या होत्या; डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत दोन वर्षे झाली. दस्तऐवज मागविण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ ने न्यायालयाबरोबरच ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही दिला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये तो तसाच उतरला आहे.