पीएसपीचे मेमरी कार्ड वाचले जात नसेल तर...

सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन पोर्टेबल' अर्थात पीएसपी हे हातात धरून खेळावयाचे यंत्र डिसेंबर २००४ मध्ये प्रथम जपानमध्ये विक्रीस आले. २०१४ मध्ये त्याचा पुरवठा थांबला, तरी अनेकांनी ते जपून ठेवले आहे. खेळातील प्रगती साठविण्यासाठी त्यात 'मेमरी स्टिक ड्युओ' हे बारीक कार्ड घालावे लागते. एके दिवशी हेच कार्ड यंत्राला वाचता येईनासे होते आणि शेकडो तासांचा खेळ हातचा जातो की काय, अशी भीती वाटू लागते.

अशा वेळी यंत्र वा संगणक कार्ड फॉरमॅट करण्यास सुचवतो. तो सल्ला तूर्त मानू नये. प्रथम कार्ड बाहेर काढून त्याचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, मऊ कापडाने पुसावेत आणि ते दुसऱ्या कार्ड रीडरमध्ये लावून पाहावे. पुष्कळदा दोष रीडरचाच असतो!

संगणकाला कार्ड दिसते, पण फाइली उघडत नाहीत, असे असल्यास बिघाड बहुधा फाइलींच्या नोंदवहीत, म्हणजे 'फॅट' तक्त्यात असतो. लिहिणे चालू असताना कार्ड काढले किंवा बॅटरी संपली, की ही नोंद अर्धवट राहते. मूळ मजकूर मात्र बहुधा जागेवरच असतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी लिनक्सवरील 'डीडीरेस्क्यू'सारख्या प्रणालीने संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत संगणकावर घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. विंडोजमधील 'चेकडिस्क' थेट कार्डावरच लिहिते, त्यामुळे घाईने ते चालविणे धोक्याचे.

'टेस्टडिस्क' ही मोफत प्रणाली बिघडलेला आरंभविभाग त्याच्या राखीव प्रतीवरून पूर्ववत करू शकते. तिची जोडीदार 'फोटोरेक' छायाचित्रे चांगली शोधते. परंतु ती फाइलींची मूळ नावे व फोल्डर परत आणत नाही. खेळाची प्रगती 'सेव्हडेटा' फोल्डरमध्ये खेळाच्या सांकेतिक क्रमांकानिशी असते. ते नाव हरवले, तर सापडलेली फाइल यंत्र ओळखत नाही. म्हणूनच खेळाडूंनी आधी 'टेस्टडिस्क'कडे वळावे.

अडॅप्टरमध्ये बसविलेले ६४ जीबीचे नवे मायक्रोएसडी कार्ड वाचले जात नसेल, तर तो बिघाड नसेलही. अशी कार्डे 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि पीएसपीला ती पद्धत कळत नाही. कार्ड रिकामे असेल, तर ते यंत्राच्याच सेटिंग्जमधून फॉरमॅट करून पाहावे.