'कोअर' आणि 'आयओटी' : आज्ञावलीच्या अपमृत्यूची परिभाषा

सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांत सी भाषेचे प्राथमिक पाठ गिरवणाऱ्या विद्यार्थ्यास 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड' ही ओळ फार लवकर भेटते. आपल्या वाट्याची नसलेली स्मृती वाचू वा लिहू पाहणारी त्याची आज्ञावली त्या वेळी संपलेली असते. ती थांबलेली नसते. थांबवली गेलेली असते. मराठीत 'मरणे' व 'मारणे' यांत जो भेद आहे तोच हा, आणि युनिक्स प्रणाली तो कटाक्षाने पाळते. 'एग्झिट' या फंक्शनने स्वेच्छेने संपलेली प्रक्रिया आणि सिग्नलने संपवलेली प्रक्रिया यांची वर्दी जनक प्रक्रियेस निरनिराळ्या रीतीने मिळते. सिग्नल 11 ने झालेला अंत शेल 139 या अंकाने दर्शवतो. म्हणजे 128 अधिक 11.

उपर्युक्त ओळीतील 'कोअर' म्हणजे आज्ञावलीचे मर्म, असा अर्थ करण्याचा मोह होतो. तो निराधार होय. 1971 साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सची पहिली आवृत्ती पीडीपी-11 यंत्रावर चालली. त्या यंत्राची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, आणि 'कोअर' हे त्या कड्यांचे नाव. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकातही अशाच कड्यांत प्रत्येकी 40 बिटांचे 2048 शब्द साठवले जात. मृत आज्ञावलीची स्मृती युनिक्स जशीच्या तशी 'कोअर' नावाच्या फाइलीत उतरवून ठेवी. पुढे अर्धवाहक स्मृती आली, कड्या गेल्या. चिकित्सेसाठी ठेवलेल्या प्रतीची गरज मात्र उरली, आणि तिच्याबरोबर नावही उरले.

'अबॉर्ट' या फंक्शनची कथा उलट आहे. 1979 च्या सातव्या आवृत्तीत ते पीडीपी-11 ची 'आयओटी' ही यंत्राज्ञा मुद्दाम चालवी. तीतून उद्भवणाऱ्या 6 क्रमांकाच्या सिग्नलास 'सिगआयओटी' म्हणत. नावातील अक्षरे आदान-प्रदानाची; आत्मनाशाशी त्यांचा अर्थतः संबंध नाही. एका विशिष्ट यंत्राची आज्ञा ठाऊक असल्यावाचून ते नाव उलगडत नसे, हा त्याचा खरा दोष. 1989 च्या अमेरिकी प्रमाणकाने सी भाषेस यंत्रनिरपेक्ष रूप देताना सहाच सिग्नल स्वीकारले. त्यांत 'सिगआयओटी'स स्थान मिळाले नाही, 'सिगअबर्ट'ला मिळाले. यंत्राचे नाव जाऊन कृतीचे नाव आले.

लिनक्समध्ये मात्र 6 या क्रमांकाची ही दोन्ही नावे अद्याप शेजारी शेजारी नांदत आहेत.