देणारा मोकळा, घेणारा बांधलेला

१/ वर्धा जिल्ह्यातील आष्टीचा हृदयरुग्ण एकदा सुरू झालेली गोळी बहुधा जन्मभर घेतो. तिच्या किमतीत डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्चही दडलेला असू शकतो.

२/ डिसेंबर २००९ मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेने हृदयरोगतज्ज्ञांसह सर्व डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च वा रोख रक्कम स्वीकारण्यास मनाई केली. घेणारा बांधला गेला. देणारा मोकळाच राहिला.

३/ जानेवारी २०१७ मध्ये मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने एका कंपनीचा हाच युक्तिवाद मान्य केला : नियम डॉक्टरांसाठी आहे, कंपनीसाठी नाही. भेटींच्या खर्चावर करसवलत मिळाली.

४/ २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली : जे घेणे निषिद्ध, ते देण्यावर करसवलत नाही. भेटींची किंमत अखेर रुग्णच चुकवतो, हेही न्यायालयाने नोंदवले.