पिल्लाची जात कशी ओळखावी? गावरान कोंबडीच्या अंगावर लिहिलेला इतिहास

१/ चाकण किंवा भोसरीच्या बाजारात पिल्लांची टोपली दिसते. काही पिल्ले काळी, काही तांबूस, काहींच्या पाठीवर पट्टे. विकणारा म्हणतो, "सगळी गावरान." घेणारा विचारतो, "पण जात कोणती?" या साध्या प्रश्नामागे काही हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. ज्या समूहातील पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या आईबापांसारखीच निपजतात, तो समूह म्हणजे जात. गावरान हे नाव त्या अर्थाने जातीचे नव्हे. गावात वाढलेल्या, मोकळ्या चरणाऱ्या आणि आपापसांत मिसळलेल्या कोंबड्यांचे ते नाव आहे.

३/ या मिश्रणाचा एक आधुनिक प्रवाह पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरूनच वाहतो. दापोडीहून मुळा ओलांडली की बोपोडी आणि पुढे खडकी. तिथे राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. स्वातंत्र्यानंतरच्या कुक्कुटविकास योजनांमधून व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प या परदेशी जाती खेडोपाडी पोहोचल्या. पुढे बंगळुरूची गिरिराज आणि हैदराबादची वनराज आली. त्यांचे कोंबडे परसातल्या देशी कोंबड्यांत मिसळले.

४/ मग टोपलीतले पिल्लू वाचायचे कसे? आरंभ लवेपासून करू. ऱ्होड आयलंड रेडची पिल्ले तांबूस, लेगहॉर्नची पिवळी. ऑस्ट्रलॉर्पची पिल्ले काळी, पण पोटाकडे फिकट. पाठीवरचे तपकिरी पट्टे ही रानकोंबडीची जुनी खूण. पट्टेदार पिल्लू रानात सहज दिसत नाही. परंतु लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रबळ असतो आणि तो इतर रंगांना झाकतो. म्हणून पिवळे पिल्लू आपल्या दुसऱ्या पालकाविषयी बहुधा मौन पाळते.

५/ काळ्या रंगाबाबत विशेष सावध राहावे. मध्य प्रदेशातील झाबुआ परिसराच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची मागणी वाढली. मात्र त्याच्या त्वचेचा काळेपणाही प्रबळ गुण आहे. कडकनाथचा संकर झाला तरी पिल्ले बऱ्याचदा काळवंडलेलीच निघतात. काळा रंग कडकनाथच्या रक्ताची साक्ष देतो, शुद्धतेची नव्हे.

६/ आता तुरा. लेगहॉर्नचा तुरा एकेरी, करवतीसारखा. असील कोंबड्याचा तुरा आखूड आणि तीन बारीक रांगांचा असतो. त्याला वाटाणा तुरा म्हणतात. गावठी कळपात असा तुरा दिसला तर मागे कुठेतरी असील असण्याचा संभव आहे. 'असील' आणि आपला 'अस्सल' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. अस्सलपणाचा आपला ध्यास भाषेतही किती जुना आहे, ते यावरून कळते.

७/ विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांनी गुलाब तुरा आणि वाटाणा तुरा यांचा संकर केला. पिल्लांना तिसराच, अक्रोडासारखा तुरा आला. त्या पिल्लांच्या पुढच्या पिढीत चारही प्रकार दिसले. आजी-आजोबांपैकी कुणाच्याही डोक्यावर नसलेला एकेरी तुरासुद्धा! म्हणजे पिल्लाच्या रूपावरून पालकांचे रूप थेट सांगता येत नाही.

८/ त्याआधी डार्विननेही कोंबड्यांचे संकर केले होते. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने एक नोंद दिली. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांच्या एका पिल्लाला मोठेपणी लाल रानकोंबड्यासारखी पिसे आली. दोन्ही पालकांत न दिसणारा पूर्वज संकरात प्रकट झाला. सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज लाल रानकोंबडाच, असे डार्विनचे मत होते.

९/ हे मत बव्हंशी टिकले, पण पूर्णपणे नाही. २००८ साली पिवळ्या त्वचेचा जनुक शोधणाऱ्या संशोधकांना आढळले की, पाळीव कोंबडीतला हा जनुक लाल रानकोंबड्याकडून नव्हे, तर बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः द्वीपकल्पात आढळतो. तो भीमाशंकरच्या अरण्यातही आहे. आणि भीमाशंकर कोणत्या तालुक्यात? चाकण ज्या तालुक्यात आहे त्याच, खेडमध्ये.

१०/ आता पुन्हा टोपलीकडे पाहू. पिवळे पाय दिसताच "ही संकरित, परदेशी" असे म्हणणारे अनेक भेटतात. परंतु इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेल्या लेगहॉर्नचे पिवळे पायही मूळ भारतीय पक्ष्याची देणगी आहेत. ज्याला आपण परके ठरवतो, ते इथूनच गेलेले असू शकते.

११/ पिवळ्या पायांची साक्ष आणखी एका कारणाने मोलाची आहे. हा गुण अप्रबळ आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही तो आला तरच पाय पिवळे होतात. रंगाची गडदता मात्र मका आणि हिरव्या चाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून पिवळा पाय दोन्ही पालकांविषयी बोलतो, तर प्रबळ गुण निदान एका पालकाविषयी.

१२/ मग व्यवहारात काय करावे? गावरान म्हणून अधिक दाम मागितला जातो, तेव्हा रंगावर विसंबू नये. अंडी कोणत्या कळपातली, कोंबडा कोणता, पिल्ले परसातली की उबवणी केंद्रातली, हे विचारावे. इतिहासाचा विद्यार्थी कागद हाती आला की तो कुठून आला हे आधी पाहतो. पिल्लालाही तोच नियम लागू आहे.

१३/ आणि जातीचे नाव सापडले नाही, तर खंत नसावी. एकाच पिल्लात असीलचा तुरा, ऱ्होड आयलंडचा तांबूस रंग आणि सह्याद्रीतल्या रानपक्ष्याच्या वंशाचा पिवळा पाय एकत्र येऊ शकतो. प्रत्येक खुणेचा इतिहास निराळा आहे. तो सांगता येतो. त्या सर्वांना मिळून एकच शुद्ध कूळ मात्र देता येत नाही.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या कोंबड्यांचे तुरे कसे आहेत, ते अवश्य कळवा.