कागदावर उमटलेल्या चेहऱ्यांची कुळकथा

कॅमेऱ्यातून व्यक्तिचित्र काढण्याच्या कलेचं एक मूळ स्कॉटलंडमधल्या धर्मवादात आहे. मे १८४३मध्ये एडिंबरात चारशेहून अधिक धर्मोपदेशकांनी राजमान्य चर्चवर, म्हणजे पगारावर आणि राहत्या घरावरही पाणी सोडून 'फ्री चर्च' स्थापन केलं. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांनी तो प्रसंग रंगवायला घेतला. पण आपापल्या गावी पांगणाऱ्या शेकडो मंडळींचे चेहरे टिपायचे कसे? शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यांची गाठ बावीस वर्षांच्या रॉबर्ट अॅडमसनशी घालून दिली.

अॅडमसनला कॅलोटाइपचं, म्हणजे कागदी निगेटिव्हवरून छायाचित्र काढण्याचं तंत्र अवगत होतं. ते शोधणाऱ्या टॅलबट यांनी इंग्लंडात घेतलेलं त्याचं पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हतं, ही मोठीच सोय झाली. चांगल्या कागदावर सिल्व्हर आयोडाइडचा थर चढवायचा, वापराआधी सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक अॅसिडचा हात फिरवायचा, तो कॅमेऱ्यात घालून निगेटिव्ह मिळवायची आणि मग तिच्यावरून उन्हात छाप काढायचे. प्रकाश पुरेसा मिळावा म्हणून कॅल्टन हिल टेकडीवरच्या 'रॉक हाउस' या आपल्या स्टुडिओबाहेर माणसांना उघड्यावर बसवत. कागदावर प्रकाश पडे तेवढा वेळ हलायची सोय नव्हती. म्हणून हात पुस्तकावर टेकलेले, डोकं हाताला रेललेलं. ही तांत्रिक गरज हिल यांच्या चित्रकाराच्या नजरेने देखणी केली. कागदाच्या तंतूंमुळे बारकावे पुसट होत, पण त्यातूनच सावल्यांना रेम्ब्रांच्या चित्रांसारखी खोली आली.

या चेहऱ्यांचं नातं मुंबईशीही आहे. तिथे विल्सन कॉलेजचा पाया घालणारे जॉन विल्सन फ्री चर्चच्याच बाजूचे. त्यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेलेले धनजीभाई नौरोजीही या कॅमेऱ्यासमोर बसले.

या जोडीचं खरं मोठेपण मला न्यूहेवनमध्ये दिसतं. एडिंबराजवळच्या या गावातल्या कोळिणींची त्यांनी छायाचित्रं काढली. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, जवळ मासळीच्या वेताच्या टोपल्या. उमरावांना आणि विद्वानांना मिळाला तोच मान, तोच प्रकाश या बायकांनाही मिळाला.

१८४८च्या जानेवारीत अॅडमसन अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. साडेचार वर्षांत या दोघांनी हजारो छायाचित्रं काढली होती. हिल यांचं चित्र १८६६मध्ये पुरं झालं. साडेचारशेहून अधिक चेहऱ्यांच्या त्या दाटीत एकेक माणूस हरवून जातो. नुसती टिपणं म्हणून काढलेल्या कॅलोटाइपांत मात्र तो आपल्या स्वभावासकट भेटतो, म्हणूनच व्यक्तिचित्रणाच्या इतिहासात पहिला मान त्या कागदांचा आहे.