संहिता कोणाची? : स्टीलआय स्पॅनच्या जन्माची कथा

१९६९च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅश्ले हचिंग्ज हे बासगिटारवादक लंडनच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या वाद्यवृंदातून बाहेर पडले आणि थोड्याच अवधीत त्यांनी स्टीलआय स्पॅन हा नवा वृंद उभारला. ही फारकत बहुधा व्यक्तींमधील मतभेद म्हणून नोंदली जाते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र वाङ्मयीन आहे : गीताची संहिता कोणाची?

त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या मोटार-अपघातात फेअरपोर्टचा तरुण ड्रमवादक मार्टिन लॅम्बल मृत्युमुखी पडला होता. त्यातून सावरताना वृंदाने ‘लीज अँड लीफ’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तीत ‘टॅम लिन’, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ ही जुनी कथागीते इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने आली. दोन्ही फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या ३०५ कथागीतांच्या संग्रहातली (१८८२-९८). हा संग्रह एकेका गीताचे अनेक पाठ शेजारी शेजारी छापतो, त्यांतला ‘मूळ’ कोणता हे ठरवीत नाही. हचिंग्ज सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात अशाच पाठांच्या शोधात असत. गायिका सँडी डेनी यांना ओढ होती ती स्वतःच्या गीतरचनेची. एकाला अनामिक परंपरा हवी होती, दुसरीला कर्तृत्वाची मुद्रा. डिसेंबरात ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली तेव्हा दोघेही वृंदात उरले नव्हते.

‘स्टीलआय स्पॅन’ हे नावदेखील लिंकनशरमधील एका लोकगीतातल्या पात्राचे. ते सुचवले मार्टिन कार्थी यांनी. मॅडी प्रायर, टिम हार्ट आणि वुड्स दांपत्य यांच्यासह पहिली ध्वनिमुद्रिका १९७०मध्ये निघाली. १९७१च्या दुसरीत तर ड्रमही नाहीत. परंतु त्याच वर्षी हचिंग्ज हाही वृंद सोडून गेले.

खरे लोकप्रिय यश आले ते त्यांच्या पश्चात, आणि तेही विपरीत वाटांनी. १९७३मध्ये गाजलेले ‘गाउदेते’ इंग्रजी नाही, मौखिकही नाही. १५८२च्या मुद्रित संग्रहातले ते लॅटिन भक्तिगीत आहे. १९७५चे ‘ऑल अराउंड माय हॅट’ ब्रिटिश विक्रीसूचीत पाचव्या स्थानी पोहोचले. त्याचे धृपद एका लोकगीताचे, तर कडवी दुसऱ्याची. शुद्धतावाद्यांना ही जोडणी बाजारू वाटणे स्वाभाविक आहे. मात्र एका गीतातली कडवी दुसऱ्यात मिसळण्याची रीत खेड्यातल्या गायकांचीही होती. चाइल्ड यांच्या संग्रहातील पाठभेद त्याचीच साक्ष देतात.